जुन्या गाड्या आणि इंधनाच्या तक्रारी : वाचकांचे प्रश्न

या खेपेच्या पत्रांत पेट्रोल-डिझेलच्याच तक्रारी जास्त आहेत, म्हणून ब्रेक आणि बॅटरीची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवली. पत्रं थोडी छाटून छापली आहेत.

प्रश्न : १९९७ ची मारुती ८००, कार्बोरेटरवाली. सकाळी बिनतक्रार चालते. दुपारी बीडहून निघून मांजरसुंब्याचा घाट चढायला लागली की गचके देते आन बंद पडते. वीस मिनिटं बोनेट उघडं ठेवलं की पुन्हा चालू. मिस्त्री म्हणाले वेपर लॉक आहे, कार्बोरेटर बदला. बदलला, तरी तेच चालूय. आता पंप बदला म्हणायलेत. काय करावं?
— एक वाचक, बीड

उत्तर : पंप घेऊ नका, निदान अजून तरी. गरम झाल्यावर बंद आणि गार झाल्यावर चालू, हे लक्षण चार वेगवेगळ्या बिघाडांत दिसतं. पेट्रोलची नळीत वाफ होणं (हाच वेपर लॉक), टाकीत हवा न जाणं, फिल्टर किंवा नळी तुंबणं, आणि इग्निशन कॉइल तापून स्पार्क जाणं. यातल्या चौथ्याचा पेट्रोलशी काडीचा संबंध नाही, पण वेपर लॉकच्या नावावर सर्रास खपवला जातो तो हाच. चौघांतला खरा कोण हे काढायला फार वेळ लागत नाही. फक्त तपासणी गाडी बंद पडलेल्या जागी, इंजिन तापलेलं असतानाच करायला हवी. गॅरेजच्या दारात गाडी पोचते तोवर दोष गार झालेला असतो आणि मग अंदाजानं सुटे भाग बदलले जातात.

गाडीत एक जादा स्पार्क प्लग, पेन्चिस, पाने, काचेची रुंद तोंडाची बरणी, पाण्याची बाटली आणि सुती फडकं ठेवा. गाडी बंद पडली की रस्त्याच्या कडेला घ्या आणि बोनेटच्या आधी टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा 'फुस्स' आवाज आला आणि मिनिटभरात गाडी चालू झाली, तर टाकीला श्वास घ्यायला जागा नाही. पेट्रोल उपसलं जातं पण त्या जागी हवा येत नाही, म्हणून पंपाला ओढणं जड जातं. टाकीची ब्रीदर नळी काढून उलट्या बाजूनं फुंकून बघा. उभ्या राहणाऱ्या गाड्यांत कुंभारीण माशीनं या नळीत मातीचं घर केलेलं हमखास सापडतं.

झाकणानं फरक पडला नाही तर पुढची तपासणी स्पार्कची, आणि ती पेट्रोलची एकही नळी सोडण्याआधी. एका प्लगची केबल काढून त्यात जादा प्लग बसवा, प्लगचं धातूचं अंग इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. केबल हातात धरू नका. चट्चट् आवाज करणारा निळा स्पार्क असेल तर इग्निशनवरचा संशय मिटला. पिवळसर, अशक्त ठिणगी असेल किंवा काहीच नसेल, तर इग्निशन बंद करून कॉइलच्या अंगाला ओलं फडकं पाच मिनिटं गुंडाळा. वरच्या तोंडाला पाणी लागू देऊ नका. मग पुन्हा बघा. स्पार्क परत आला तर कॉइल बदला, विषय संपला. नाही आला तर डिस्ट्रिब्युटर आणि त्यातला मॉड्यूल, किंवा पॉइंट असतील तर कंडेन्सर.

स्पार्क चांगला असेल तर एअर फिल्टरचं झाकण काढून कार्बोरेटरच्या घशात बघा. इंजिन बंद ठेवून ॲक्सिलरेटरचा दांडा हातानं एकदा पूर्ण ओढा. आत पेट्रोलची बारीक धार दिसली पाहिजे. धार आली म्हणजे फ्लोटच्या वाटीत, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोल साठवणाऱ्या वाटीत, पेट्रोल आहे. घसा ओला आणि वास उग्र असेल, तर वाटीतलं पेट्रोल उकळून वरून सांडलंय. अशा वेळी चोक लावू नका, ॲक्सिलरेटर पंपासारखा मारू नका. तो तळापर्यंत दाबून धरा आणि पाच-सात सेकंद सेल्फ मारा. धार अजिबात आली नाही तर वाटी कोरडी. पण ही धार सकाळी गार इंजिनवर येते का ते आधी घरी बघून ठेवलेलं असावं, नाहीतर ॲक्सिलरेटर पंपाचा (ही धार मारणाऱ्या छोट्या पंपाचा) फाटका डायफ्राम, म्हणजे आतला पडदा, दिशाभूल करतो.

वाटी कोरडी असेल तर कार्बोरेटरला येणारी नळी सोडून बरणीत धरा, कॉइलची वायर काढा आणि दहा सेकंद सेल्फ मारा. तापलेल्या एक्झॉस्टवर थेंबही पडता कामा नये, जवळपास बिडी-सिगारेट नको, आणि हे काम दोघांनीच करावं. हात बसलेला नसेल तर मिस्त्रीकडूनच. ठोक्याठोक्यानं जाड पिचकारी आली तर पंप ठणठणीत आहे. फेस किंवा बुडबुडे आले तर दोन शक्यता. हीच चाचणी दुसऱ्या दिवशी पहाटे गार इंजिनवर करा. तेव्हाही बुडबुडे आले तर टाकी ते पंप या ओढणाऱ्या बाजूची नळी चिरली आहे किंवा क्लिप ढिली आहे. तिथून पेट्रोल गळत नाही, उलट हवा आत जाते, म्हणून खाली डाग दिसत नाही आणि कुणाला शंकाही येत नाही. गार असताना स्वच्छ धार आणि गरम असताना फेस, तेव्हाच त्याला वेपर लॉक म्हणायचं.

फिल्टरची परीक्षा आणखी सोपी. पहाटेच्या गारव्यात तोच घाट चढून बघा. फिल्टर किंवा टाकीतली जाळी तुंबलेली असेल तर पहाटे काय, दुपारी काय, गाडी चढावरच मरणार, कारण तिथेच पेट्रोल जास्त लागतं.

खरोखर वेपर लॉक निघाला तर इलाज खर्चाचे नाहीत. कार्बोरेटरखालचं उष्णता अडवणारं जाड इन्सुलेटर पॅकिंग आणि एक्झॉस्टवरचा पत्रा जागेवर आहेत का बघा. कार्बोरेटर बदलताना जुन्या जाड पॅकिंगच्या जागी साधा कागदी गॅस्केट मारलेला असतो, तुमच्याकडे तेच झालं असण्याची शक्यता बरीच आहे. टाकीकडे जाणारी रिटर्न नळी फुंकून मोकळी करा. तिच्यातून पेट्रोल सतत फिरत राहतं आणि वाफ टाकीत परत जाते. ती तुंबली की वाफेला वाट उरत नाही. पेट्रोलच्या नळ्या एक्झॉस्टपासून दूर बांधा. रेडिएटरचा पंखा वेळेवर लागतो का तेही बघा. आणि एप्रिल-मे महिन्यात टाकी निम्म्याखाली जाऊ देऊ नका: थोडं पेट्रोल फिरून फिरून लवकर तापतं. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा बराच भाग ७० अंशांच्या आसपासच उकळून जातो आणि मे महिन्यात घाट चढताना बोनेटखाली तेवढं तापमान सहज होतं.

प्रश्न : वडिलांची १९८९ ची प्रीमियर पद्मिनी महिन्यातून एखाद्या वेळी बाहेर निघते. हल्ली चोक ओढलेला असेल तरच चालते. चोक आत ढकलला की स्लो स्पीडला बंद. रबरी नळ्या फुगल्यासारख्या दिसतात. हे नव्या पेट्रोलमुळे होतं का? जेट मोठा करून घ्यावा का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : नळ्यांचा दोष पेट्रोलला देता येईल. स्लो स्पीडचा सगळा दोष देता येणार नाही.

चोक ओढल्यावर हवा कमी होते आणि गाडी सुधारते, याचा अर्थ मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. इथेनॉलचा वाटा यात किती, ते मोजता येतं. एक किलो शुद्ध पेट्रोल जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९. आपल्याकडे २०२५ पासून जे २० टक्के मिश्रण मिळतंय, त्याला साधारण साडेतेरा. म्हणजे जुन्या जेटवर मिश्रण सातआठ टक्के पातळ झालं. एवढ्यानं पिकअप थोडा मरतो, इंजिन जरा जास्त तापतं, ॲव्हरेज घटतं. पण धडधाकट कार्बोरेटरची गाडी स्लो स्पीडला बंद पडत नाही. तेव्हा जेटला, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्याला, सध्या हात लावू नका.

आधी कार्बोरेटरची वाटी एका पांढऱ्या बशीत रिकामी करा आणि बशी उजेडात तिरकी धरून नीट बघा. तळाशी पाण्याचे गोल थेंब वेगळे पळताना दिसले तर टाकीत पाणी आहे. तपकिरी चिकट थर म्हणजे शिळं पेट्रोल. पांढरी, हाताला खरखरीत लागणारी भुकटी म्हणजे कार्बोरेटरचा धातूच गंजतोय. हे पाणी धरलेल्या इथेनॉलचं काम. यातलं काहीही पायलट जेटमध्ये (स्लो स्पीडचं पेट्रोल देणाऱ्या जेटमध्ये) अडकायला पुरेसं आहे, कारण त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं. जेट काढून कार्ब क्लीनरमध्ये भिजवा आणि हवेनं फुंका. तार घालू नका. पितळ मऊ असतं, तारेनं भोक मोठं झालं की तो जेट फेकूनच द्यावा लागतो. बऱ्याच 'ट्यूनिंग केलेल्या' कार्बोरेटरांत असेच ओरबाडलेले जेट निघतात.

जेट साफ असूनही तक्रार राहिली तर हवा कुठून तरी चोरून आत जातेय. इंजिन स्लो स्पीडला ठेवून कार्बोरेटरच्या बुडाशी, मॅनिफोल्डच्या सांध्यावर आणि डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या व्हॅक्यूम नळीवर साबणाचं पाणी थोडं थोडं मारा. ज्या जागी आवाज बदलेल तिथे गळती. पेट्रोल शिंपडून बघण्याची पद्धत आहे, ती वापरू नका. तापल्या इंजिनावर आग लागते. कार्बोरेटरच्या बुडाच्या पट्टीवर स्टीलची सरळ पट्टी ठेवून बघा. नट आवळून आवळून ती कोपऱ्यात वाकलेली असते आणि नवीन पॅकिंगही तिथे हवा अडवत नाही. थ्रॉटलची दांडी तिच्या भोकात खुळखुळत असेल तर तिथूनही हवा जाते. याला बुशिंग हाच इलाज.

हे सगळं झाल्यावर, गाडी स्लो स्पीडला टिकायला लागली आणि तरीही चढावर ओढत नसेल, तर मेन जेटचा विचार करा. सोलेक्स जातीच्या कार्बोरेटरच्या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, शतांश मिलिमीटरमध्ये. १२० म्हणजे १.२० मिमी. क्षेत्रफळ आठ टक्के वाढवायला व्यास चार टक्केच वाढवावा लागतो, म्हणजे १२० च्या जागी १२५. त्यापुढे जाऊ नका. प्लगची टोकं भाजलेल्या विटेच्या रंगाची दिसली की थांबायचं.

फुगलेल्या नळ्या आजच बदला, फुगलेली नळी आतून सोलते आणि तिचे काळे कण थेट जेटमध्ये जातात. दुकानात नुसती 'पेट्रोल नळी' मागितली तर जुन्या रबराची मिळेल. नळीवर 'एसएई जे३० आर९' असा छाप बघून घ्या, ती इथेनॉल सोसते. पंपाचा डायफ्राम, फ्लोट वाटीचा गॅस्केट आणि सुईची टोपीही याच खेपेला बदलून टाका. किट एकत्रच मिळतो.

आणि पेट्रोलमध्ये इथेनॉल किती ते घरी बघायचं असेल तर खुणा असलेल्या काचेच्या नळीत १०० मिली पेट्रोल आणि १० मिली पाणी घ्या, बूच लावून हलवा, दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पाण्याकडे जातं. खालचा थर १० चा ३० च्या आसपास झाला तर २० टक्के. टाकीत पाणी शिरलं की तिथेही हेच घडतं, म्हणून महिन्यातून एकदा बाहेर काढण्यापेक्षा दर पंधरा दिवसांनी वीस मिनिटं चालवा. दोन महिन्यांहून जास्त उभी राहणार असेल तर कार्बोरेटरची वाटी रिकामी करून ठेवा आणि टाकी काठोकाठ भरा. रिकाम्या टाकीत पावसाळ्यात दमट हवा शिरून पाणी धरतं.

प्रश्न : ओम्नीत बसलं की पेट्रोलचा वास येतो. प्लग काळे पडतात, ॲव्हरेज निम्म्यावर आलं. चालवत राहावं का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : नाही. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, म्हणजे गळणारं पेट्रोल तुमच्या बुडाखाली साचतंय. दुरुस्त होईपर्यंत गाडी उभी करा आणि बॅटरीची निगेटिव्ह काढा. डिपस्टिक ओढून वास घ्या. ऑइलची पातळी वाढली असेल आणि त्याला पेट्रोलचा वास असेल, तर पंपाचा डायफ्राम फाटलाय आणि पेट्रोल इंजिनात उतरतंय. पंप आणि ऑइल दोन्ही बदलल्याशिवाय सेल्फही मारू नका, बेअरिंग जातील. ऑइल ठीक असेल तर दोष फ्लोटच्या सुईत. कार्बोरेटरचं झाकण काढून उलटं धरा आणि आत जाणाऱ्या नळीत तोंडानं फुंका: हवा अडली पाहिजे. फ्लोट कानाशी हलवून बघा, आत खळखळ झाली तर त्याला भोक आहे. चोकची पाती पूर्ण उघडते का, तेही तेव्हाच बघून घ्या.

प्रश्न : टाकीत डांबरगोळ्या टाकल्यावर ॲव्हरेज वाढतं म्हणतात. किती टाकाव्यात?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : एकही नको. गोळ्या पेट्रोलमध्ये विरघळतात खऱ्या, पण पेट्रोल उडून गेलं की त्याच पुन्हा स्फटिक होऊन जेटमध्ये बसतात. कपाटातच ठेवा.

प्रश्न : २००२ ची झेन, एमपीएफआय (कार्बोरेटर नाही, इंजेक्टरवाली). सकाळी पहिल्यांदा खूप वेळ सेल्फ मारावा लागतो. एकदा चालू झाली की दिवसभर अर्ध्या सेल्फात लागते. बॅटरी नवी आहे.
— एक वाचक, जालना

उत्तर : रात्रीतून नळीतला दाब उतरतोय. खात्री करायला उद्या सकाळी किल्ली 'ऑन' करा, सेल्फ मारू नका. मागच्या सीटखालून पंपाचा दोन-तीन सेकंद घूं आवाज येईल आणि थांबेल. किल्ली बंद करून पुन्हा ऑन करा, असं तीनदा, आणि मग सेल्फ मारा. लगेच लागली तर निदान पक्कं. (आवाजच येत नसेल तर प्रश्न वेगळा: फ्यूज, पंपाचा रिले, मग पंपाच्या कनेक्टरला टेस्ट लॅम्प, आणि शेवटी अर्थिंगची वायर. पंप सगळ्यात शेवटी.)

दाब तीन जागांतून उतरतो: पंपातला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, प्रेशर रेग्युलेटर किंवा टिपकणारा इंजेक्टर. कोणता, हे गेज लावून कळतं. इंजिन चालू असताना या पिढीच्या गाड्यांत दाब साधारण अडीच ते तीन बार असतो. इंजिन बंद करून काटा बघत राहा. काटा पडत असेल तर गाडी पुन्हा चालू करून बंद करा आणि लगेच पुरवठ्याची रबरी नळी, गेजच्या मागे टाकीच्या बाजूला, मऊ जबड्याच्या क्लॅम्पनं दाबा. काटा स्थिर राहिला तर पंपातला व्हॉल्व्ह गेला. तसाच पडत राहिला तर तीच चाचणी रिटर्न नळी दाबून करा. आता थांबला तर रेग्युलेटर. दोन्ही दाबूनही पडतो म्हणजे इंजेक्टर. प्लग काढून बघा, ज्या सिलिंडरचा प्लग सकाळी ओला तो इंजेक्टर. फक्त रबरी नळीच दाबा, नायलॉनची दाबली तर तडकते. आणि गेज जोडण्याआधी पंपाचा रिले काढून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे दाब उतरेल. नाहीतर नळी सोडताच पेट्रोल अंगावर उडतं.

दाब रात्रभर टिकत असेल तर पाण्याच्या तापमानाचा सेन्सर तपासा. तो इंजिन गरम असल्याचं खोटं सांगत असेल तर कंप्युटर सकाळी पेट्रोल कमी सोडतो. एक सवयही सोडा: कायम रिझर्व्हवर गाडी चालवणं. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडूनच गार राहतो.

प्रश्न : जुनी डिझेल सुमो. रोज सकाळी हातपंप मारल्याशिवाय चालू होत नाही. चालू झाल्यावर पाच मिनिटं पांढरा धूर. फिल्टर दोन्ही नवे टाकलेत. डिझेल शेतावरच्या ड्रममधलं वापरतो.
— एक वाचक, परभणी

उत्तर : हातपंप मारून चालू होते, याचा अर्थ रात्रीतून डिझेल टाकीकडे परत उतरतं आणि त्या जागी हवा येते. उद्या संध्याकाळी गाडी उतारावर, तोंड खाली आणि टाकी वर, अशी उभी करा. सकाळी पंप न मारता लागली तर शंका उरली नाही. तेव्हा नोझल आणि पंप खोलण्याचा खर्च आत्ताच करू नका.

हवा कुठून येते ते बघायला फिल्टर ते इंजेक्शन पंप या नळीच्या जागी पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा बसवा. इंजिन चालू ठेवून बुडबुडे दिसले की मागे मागे जात एकेक सांधा तपासा. नवीन फिल्टर टाकल्यावर ही तक्रार सुरू झाली असेल तर आधी फिल्टरचं रबरी रिंग आणि मधल्या बोल्टचे तांब्याचे वायसर बघा. वायसर एकदा दबले की पुन्हा नीट बसत नाहीत. नवे घ्या, नाहीतर जुने लालबुंद तापवून पाण्यात टाका, मऊ होतात. मग हातपंप स्वतः: त्याची मूठ खाली घट्ट आवळली जात नसेल तर तिथूनच हवा ओढली जाते. शेवटी टाकीतली उचल नळी, जी गंजून वरच्या बाजूला भोक पडलेली असते. टाकी भरलेली असताना तक्रार नाही आणि अर्ध्याखाली गेली की सुरू, असं होत असेल तर दोष नक्की तिथेच.

सांधा दुरुस्त झाल्यावर एअर काढा. फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू दोन आटे सोडून हातपंप मारा. फेस जाऊन डिझेलची अखंड धार आली की पंप मारत असतानाच स्क्रू आवळा. तेच इंजेक्शन पंपाच्या स्क्रूवर. तरीही लागली नाही तर दोन नोझलचे युनियन नट अर्धा आटा ढिले करून सेल्फ मारा, डिझेल टिपकलं की आवळा. दहा सेकंदांच्या वर सलग सेल्फ नको. आणि ढिल्या नोझलसमोर हात नेऊ नका. दीडशे बारच्या वरच्या दाबानं सुटलेलं डिझेल कातडी फोडून आत शिरतं. वर फक्त सुईएवढं भोक दिसतं, पण तसं झालं तर त्याच तासाला दवाखान्यात जावं लागतं.

पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. हवा गेली की तो बहुधा जातो. उरला तर हीटर प्लग एकेक काढून बॅटरीवर तपासा, टोक काही सेकंदांत लाल झालं पाहिजे. त्यानंतरही धूर राहिला तरच नोझल टेस्टिंगला द्या.

ड्रमचं डिझेल हा वेगळा खर्च आहे. लोखंडी ड्रममध्ये रात्रीच्या गारव्यानं आतल्या बाजूला घाम धरतो, ते पाणी तळाशी बसतं आणि पाणी नि डिझेलच्या सीमेवर काळसर बुळबुळीत शेवाळासारखा थर वाढतो. फिल्टरखालचा पाण्याचा स्क्रू आठवड्यातून एकदा बरणीत सोडून बघा. ड्रम सावलीत, एका बाजूनं विटेवर किंचित उचलून ठेवा, उपसायची नळी उंच बाजूला आणि तळापासून चार बोटं वर ठेवा. भरल्यावर एक दिवस ड्रम हलवू नका, मगच उपसा.